छत्तीस गुणांचे ऊन

पॅनेलच्या काचेखाली चार काळ्या चकत्यांचे कोपरे जिथे एकमेकांना भेटायला येतात आणि अगदी शेवटच्या क्षणी संकोचून मागे सरतात, तिथे एक पांढरी शंकरपाळी उमटते. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत चार चकत्या, आणि त्यांच्या मधून मधून अशा चोवीस शंकरपाळ्या. मी त्या मोजल्या आहेत. एका रविवारी गच्चीवर मांडी घालून, हातातला चहा पार गार होईपर्यंत. पॅनेल १०० वॉटचे, लांबीला चार फूट, रुंदीला पावणेदोन, पुण्याच्या तपकीर गल्लीतून रिक्षात गुडघ्यांमध्ये धरून आणलेले. त्याच्या सोबतीला तळहातावर मावेल एवढा चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्टची ४० अँपिअर-अवरची बॅटरी, लाल आणि काळी वायर, दोन फ्यूज आणि भंगारवाल्याकडून निवडून आणलेले लोखंडी अँगल. सारा ऐवज बारा हजारांच्या आत आला. घराचे वीजबिल शून्यावर आणण्याचा पराक्रम याच्या अंगी नाही. तीन खोल्यांतले दिवे, एक पंखा आणि इंटरनेटचा राउटर, एवढाच त्याचा संसार. पण पाना आणि पक्कड घेऊन ज्याने तो स्वतः उभा केला, त्याला त्यातल्या प्रत्येक तुकड्यापाशी थांबावेसे वाटते, कवितेतल्या एखाद्या शब्दापाशी आपण थांबतो तसे. तर आज या शंकरपाळीपासून सुरुवात करू या.

मुळात चौकोनच मांडायचे, तर त्यांचे कोपरे कापायचे कशाला? कारण ही चकती जन्माने गोल आहे. शुद्ध सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळते. त्या रसाला स्फटिकाचे एक लहानसे बीज टेकवायचे आणि फिरवत फिरवत, अतिशय सावकाश, वर ओढायचे, की त्या बीजाच्या शिस्तीने अणूंची रांग लागत लागत एक लांबलचक गोल दंड वर येतो. ही रीत यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाला १९१६ साली गवसली. असे सांगतात, की लिहिता लिहिता त्याने टाक दौतीऐवजी चुकून शेजारच्या वितळलेल्या कथिलात बुडवला आणि वर उचलल्यावर टोकाशी लोंबणारा धातूचा तंतू एकसंध स्फटिक निघाला. (आम्हा लिहिणाऱ्यांच्या चुका सहसा इतक्या फळत नाहीत.) सिलिकॉनचा तो दंड चार बाजूंनी तासून मग काकडीसारखा चकत्यांत कापतात, एकेक चकती पाव मिलिमीटरहूनही पातळ. आता गोल पोळ्या परातीत शेजारी शेजारी मांडल्या तर मध्ये किती जागा रिकामी राहते, हे स्वयंपाकघरात वावरलेल्या कुणालाही सांगायला नको. पूर्ण गोल ठेवावी तर छपरावरची जागा फुकट, पूर्ण चौकोन कापावा तर कडेचे मोलाचे सिलिकॉन फुकट. म्हणून बाजू छाटायच्या आणि कोपऱ्यांत मूळच्या गोलाईची जराशी आठवण राहू द्यायची. पांढरी शंकरपाळी आहे ती त्या आठवणीमुळे, आणि एकदा हे कळले की भट्टीतून गिरक्या घेत वर येणारा तो दंड आपल्याला गच्चीवर बसूनही दिसायला लागतो.

मग दृष्टी जाते रंगाकडे. कोरे सिलिकॉन राखाडी असते आणि आरशासारखे चकचकीत. अंगावर पडलेल्या उजेडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा ते परत भिरकावून देते. ते थांबावे म्हणून त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा एक थर चढवतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. पॅनेलचा हा निळसर काळेपणा म्हणजे कुणी फासलेला रंग नाही. उजेड परत जात नाही म्हणून तो तसा दिसतो. जो सगळ्यांना पोटात घेतो तो सावळाच असायचा, हे पंढरपूरला जाऊन आलेल्या माणसाला निराळे समजवावे लागत नाही. त्या सावळ्या अंगावर केसाएवढ्या बारीक चंदेरी रेघा आहेत, आणि चंदेरी म्हणजे खरोखर चांदीच्या. दारापुढच्या रांगोळीचा जाळीदार छाप असतो ना, तशाच जाळीतून चांदीचा लेप दाबून त्या छापतात. रेघ जाड झाली तर तिचीच सावली चकतीवर पडते, बारीक झाली तर विजेची वाट अरुंद होते. या दोहोंच्या मधला नेमका बिंदू साधून कुणीतरी ती ओढली आहे. मराठी सुलेखनात शिरोरेघेची जाडी ठरवताना हात जसा क्षणभर थबकतो, तसा इथेही कुणाचा तरी थबकला असणार.

आता छत्तीस. मराठीत या आकड्याची कीर्ती काही बरी नाही. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून उभे, म्हणून ज्यांचे जन्मात पटायचे नाही त्यांचा छत्तीसचा आकडा. पण याच भाषेत पत्रिका जुळवायला बसले की गुण मोजतात तेही छत्तीसच, आणि ते सगळे जुळले तर घरात पेढे. पॅनेलमधले छत्तीस या दुसऱ्या कुळातले. एका चकतीचे बळ साधारण अर्ध्या व्होल्टचे. चकती लहान असो की मोठी, व्होल्ट तेवढेच. छत्तीस जणी एकीपाठोपाठ एक हात धरून उभ्या राहिल्या की अठरा व्होल्ट होतात. इथे आपल्यातला चौकस वाचक अडतो: बॅटरी तर बाराची, मग अठरा कशाला? पंचवीस चकत्यांत भागले नसते का?

या प्रश्नाच्या उत्तरात मला सगळ्या रचनेचा गाभा सापडतो. बारा हे बॅटरीचे फक्त हाक मारायचे नाव. भरत आली की तिला चांगला १४.४ व्होल्टचा रेटा लागतो. आणि चकतीचे बळ उष्णतेने ओसरते, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. मे महिन्यात गच्चीवर काचेखालची चकती ६५ अंशांपर्यंत सहज तापते, तेव्हा लेबलवरच्या अठराचे हाती उरतात पंधराच्या आसपास. त्यातून थोडे वायरीत गळते, थोडे कंट्रोलर खातो. म्हणजे बारासाठी छत्तीस धरणाऱ्याने ऐन वैशाखाची आठवण ठेवून धरले आहेत. ऐनवेळच्या पाहुण्यासाठी दोन भाकऱ्या जास्त थापणाऱ्या सुगरणीचा हा हिशेब आहे. थंडीच्या दिवसांत त्या दोन भाकऱ्या उरतात, पण म्हणून ती थापायची थांबत नाही. महागडा एमपीपीटी कंट्रोलर या उरलेल्या भाकऱ्यांचेही काही करून दाखवतो. माझा साधा, सहा-सातशे रुपयांचा पीडब्ल्यूएम. त्याला ती कला अवगत नाही, आणि मी त्याच्यावर रागावत नाही.

उजेडाची वीज होते हे पहिल्यांदा १८३९ साली पॅरिसमध्ये एदमाँ बेकरेल या एकोणीस वर्षांच्या पोराला वडिलांच्या प्रयोगशाळेत दिसले. सिलिकॉनच्या चकतीतून कामाला लावण्याजोगी वीज निघायला मात्र १९५४ उजाडावे लागले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने ती जगाला दाखवली तेव्हा तिच्यावर काय चालवले, तर एक खेळण्यातला आकाशपाळणा! त्या चकत्या उन्हाचे जेमतेम सहा टक्के वीज म्हणून परत देत. माझ्या बारा हजारांच्या संचातले पॅनेल पंधराच्या पुढे देते. पण जगापुढे पहिल्यांदा येताना, गंभीर चेहऱ्याचे कुठलेही यंत्र बाजूला ठेवून, जत्रेतला पाळणा फिरवून दाखवावा असे ज्याला सुचले त्याच्या रसिकतेला मी मनोमन नमस्कार करतो.

पॅनेल उलटे केले की पाठीवर एक लेबल दिसते. कमाल शक्ती १०० वॉट, व्होल्टेज १८, उघडा व्होल्टेज (म्हणजे काहीच न जोडता) २२, करंट साडेपाच अँपिअर. आणि खाली बारीक अक्षरात अट: ऊन दर चौरस मीटरला १००० वॉट, तापमान २५ अंश. हे २५ अंश हवेचे नाहीत, काचेखालच्या चकतीचे आहेत. ऊन भर दुपारचे आणि अंग पहाटेसारखे गार, असा योग आपल्या गच्चीवर जवळजवळ येतच नाही. लेबलवरचे १०० वॉट म्हणजे स्थळ म्हणून पाठवलेला फोटो समजावा. खोटा नसतो, पण स्टुडिओतल्या उजेडातला असतो.

हे लेबल वाचायला मला आईने शिकवले असे म्हटले तर तिला हसू येईल. मी दक्षिणेच्या कठड्याशी अँगल मांडत होतो आणि पलीकडे तिची वाळवणाची बाज पडली होती. धोतराच्या जुन्या पानावर कुरडयांची पांढरी चक्रे. "अरे, माझ्या कुरडयांचं ऊन पळवतोयस की काय?" तिने विचारले. "नाही गं आई. तुला ऊब हवी, मला उजेड. वाटून घेऊ." मी सहज बोलून गेलो आणि मग माझेच मला वाटले, की अरे, हे तर अक्षरशः खरे आहे. ज्या उन्हात कुरडई दोन दिवसांत कडकडीत होते, त्याच उन्हात पॅनेलचा जीव घाबरा होतो. मे महिन्याच्या दुपारी मल्टीमीटर लावला तर बावीसच्या जागी साडेएकोणीस दिसतात. पौषातल्या एखाद्या गार सकाळी, ऊन अजून कोवळेच असताना, तोच काटा एकवीसला जाऊन भिडतो. आपण ज्याला 'कडक ऊन' म्हणतो त्यात ऊब किती आणि उजेड किती, हे माझ्या त्वचेला आजवर कळले नव्हते. आता दसऱ्याच्या सुमाराला, पावसाने धुतलेल्या हवेतून काचेवर उतरणारे ऊन पाहिले की मी आईला सांगतो, आज माझे वाळवण चांगले पडणार.

उतार किती द्यायचा? जाणकार सांगतात, आपल्या गावाचा अक्षांश असेल तितके अंश, तोंड दक्षिणेला. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. कोनमापक शोधू लागलो आणि लक्षात आले की साडेअठरा अंश म्हणजे गवंड्याच्या भाषेत 'तीनास एक': तीन माप आडवे गेलात की एक माप वर चढायचे. पॅनेलची रुंदी ५४ सेंटीमीटर; खाली ५१ धरले आणि मागचा पाय १७ चा केला की झाले. सतरा त्रिक एकावन्न! शाळेतला पाढा असा गच्चीवर अवचित भेटेल असे वाटले नव्हते. नागपूरचा उतार याहून थोडा चढा, कोल्हापूरचा थोडा निवांत. प्रत्येक गावाचे पॅनेल आपल्या बसण्याच्या ढबीतून गावाचा पत्ता सांगत असते.

दक्षिणही मी ओळंब्याने काढली. दोरी टांगायची आणि तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहायचे. त्या क्षणी सावली नेमकी उत्तर-दक्षिण असते. घड्याळात बाराचे ठोके पडले तेव्हा मी खडू घेऊन सज्ज होतो, पण सावली अजून आखडतच होती. भारताचे घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालते आणि पुणे त्याच्या पुष्कळ पश्चिमेला. इथे सूर्य माथ्यावर यायला साडेबारा उलटतात, ऋतूप्रमाणे पंधरा मिनिटे अलीकडे-पलीकडे. इतकी वर्षे मी ज्याला मध्यान्ह म्हणत होतो ते मिर्झापूरचे होते. आणि १३ मेच्या आसपास एक दिवस असा येतो, की भर दुपारी दोरीची सावलीच नाहीशी होते. ओळंब्याच्या टोकाखाली एक काळा ठिपका, बस्स. पुढे जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला कलतो आणि दक्षिणेकडे तोंड करून बसलेले माझे पॅनेल त्याच्याकडे जरासे पाठमोरे होते. पण तोवर मृग लागून ढग दाटलेले असतात, तेव्हा हा रुसवा फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

वायरीचे प्रकरण मला जरा शरमेने सांगायला हवे. बचतीच्या भरात मी घरात पडून असलेली दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरली. गच्चीपासून खालच्या खोलीपर्यंत पंधरा मीटर, जाऊन-येऊन तीस. हिवाळाभर सगळे सुरळीत. एप्रिल संपला आणि बॅटरी दुपार कलली तरी भरेना. कंट्रोलरला शिव्या घालून झाल्या, दुकानदाराला मनातल्या मनात घालून झाल्या, आणि मग एकदा वायरीच्या दोन्ही टोकांशी मल्टीमीटर धरला: वर पंधरा, खाली तेरा आणि थोडे. पाच अँपिअर वाहू लागले की त्या बारीक वायरीत जवळजवळ दोन व्होल्ट मुरत होते. म्हणजे ऐनवेळच्या पाहुण्यासाठी राखलेल्या त्या दोन भाकऱ्या माझ्या काटकसरीने वाटेतच फस्त केल्या होत्या. २३० व्होल्टच्या घरात दोन व्होल्ट गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. बाराच्या संसारात दोन म्हणजे सहावा हिस्सा. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची जाड वायर आणली तेव्हा ती हातात वजनदार लागली, लग्नातल्या गोठासारखी. तिच्यात पाऊण व्होल्टसुद्धा मुरत नाही. भिंतीतून आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल दिला आहे. पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत येते, त्या झोलाच्या तळाशी घुटमळते आणि थेंब होऊन खाली पडते, घरात येत नाही. पहिल्या पावसात मी छत्री घेऊन ते थेंब पाहत उभा होतो. शेजाऱ्यांनी काय तर्क केला असेल तो असो.

जोडणीचा दिवस. आपल्या ओळखीच्या सगळ्या विजेला बटण असते. पॅनेलला बटण नसते. त्यावर ऊन पडले की ते सुरूच, तुमची तयारी असो वा नसो. म्हणून काम करताना त्याला झाकावे लागते, आणि आम्ही त्यावर आजीच्या हातची गोधडी घातली. भर दुपारी गोधडी पांघरून निजलेले ते पॅनेल मला फार लोभस वाटले. जोडण्याचा क्रम ठरलेला: कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल, मग दिवे, सोडवायचे तर नेमके उलट. पूजेत गणपतीला जो मान तो इथे बॅटरीला, कारण आपण बाराच्या घरात आहोत की चोवीसच्या, हे कंट्रोलर तिच्याकडे पाहूनच ओळखतो. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. चुकून दोन टोके भिडली तर शेकडो अँपिअर उसळू शकतात आणि मग हातातला पाना लालबुंद व्हायला वेळ लागत नाही. स्विचही डीसीचाच घ्यावा. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्या क्षणी ठिणगी विझायला सापडते. डीसी वीज अशी श्वास घ्यायला थांबत नाही.

राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे. तिथे अक्षरओळख नसलेल्या आज्या रंगांच्या खुणांवरून सौरदिव्यांची सर्किटे जोडायला शिकतात. मी आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "त्यात काय एवढं? लाल लालला, काळं काळ्याला." आणि पुढे होऊन तिनेच ती शेवटची एमसी-फोर कनेक्टरची जोडी एकमेकीत सारली. टक्! सुपारी फुटावी तसा स्वच्छ, निःसंदिग्ध आवाज. गोधडी ओढली, कंट्रोलरवरचा हिरवा ठिपका लागला, आणि आम्ही दोघे त्या ठिपक्याकडे नव्या बाळाकडे पाहावे तसे पाहत राहिलो.

त्यानंतर कित्येक सकाळी मी मल्टीमीटर घेऊन वर जात असे. सूर्य समोरच्या इमारतीमागून अजून पुरता वर आलेला नसतो आणि पॅनेल मात्र एकोणीस व्होल्टची गर्जना करून मोकळे! करंट पाहावा तर पाव अँपिअर नाही. उजेड थोडा असला तरी व्होल्ट जवळजवळ पूर्ण उभे राहतात. अँपिअर मात्र उजेडाच्या मापाने, इमानाने वाढतात. उठल्या उठल्या दिवसभराचे बेत मोठ्या आवाजात सांगणारे आणि दहा वाजल्याशिवाय कामाला हात न लावणारे एक काका प्रत्येक घरात असतात. आमच्या घरात ते आता दोन झाले.

या साऱ्या गुणवंत रचनेची एक हळवी जागा आहे, तीही पाहू. शेजारच्या वाड्यातल्या पिंपळाचे एक पान एके दुपारी वाऱ्यावर येऊन पॅनेलवर पडले, बरोबर एका चकतीवर, तिला बहुतेक झाकून टाकत. छत्तिसातली एक चकती. आपण म्हणू, छत्तिसावा हिस्सा कमी होईल. कंट्रोलरवरचा आकडा जवळजवळ शून्यावर आला. विहिरीपासून घरापर्यंत रांग लावून घागरी पोचवायच्या असाव्यात आणि मधल्या एकीनेच हात खाली सोडावेत, तसे झाले. पुढच्या-मागच्या कितीही तत्पर असल्या तरी पाणी पुढे सरकत नाही. उलट बाकीच्यांचा सगळा रेटा त्या झाकलेल्या चकतीवर येतो आणि ती तापू लागते. ती जळू नये म्हणून पॅनेलच्या पाठीवरच्या डबीत छोटे डायोड बसवलेले असतात. ते विजेला आडवाटेने काढून देतात, पण त्या आडवाटेने अर्धी रांगच वगळली जाते, उरतात नऊ व्होल्ट, आणि नवात बारा कसे भरायचे? मी पान उचलले. आकडा पाचावर. पुन्हा ठेवले, शून्याजवळ. पिंपळाचे पान हातात घेऊन मी एवढी वीज चालू-बंद करत होतो, जणू तेच या पॅनेलला नसलेले बटण होते. ते पान मी पुस्तकात ठेवले आहे.

सकाळी ओल्या फडक्याने काच पुसायची (दुपारी नको, तापलेल्या काचेवर गार पाणी बरे नव्हे), कबुतरांना मनापासून बोलणी द्यायची, महिन्याकाठी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहायची, देखभाल एवढीच. बॅटरीबाबत मात्र मी कणगीचा नियम पाळतो. पूर्ण भरून थोडी विसावली की ती १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि तिथे थांबायचे. धान्य तळापर्यंत खरवडले तर पेरायला काय उरणार? शिसे-आम्लाची बॅटरी रोज खरवडली तर वर्ष-दोन वर्षांत मान टाकते. निम्म्याचा हिशेब करावा तर रोजचे साधारण पाव युनिट हाती येते. पाच वॉटचे तीन दिवे संध्याकाळपासून निजेपर्यंत, डीसी पंखा काही तास, राउटर. पलीकडच्या काकूंनी विचारले, "बिलात किती फरक पडला?" मी म्हणालो, "महिन्याला सात-आठ युनिटं." त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा पसरली ती बारा हजारांत मिळाली असे मी समजतो.

त्यांच्या छपरावर तीन किलोवॉटचा संच आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून त्याला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळाले, आणि बिल खरोखर शून्याजवळ आले. ते महाकाव्य आहे, त्याची थोरवी मी जाणतो. पण गेल्या आषाढात ऐन दुपारी वीज गेली तेव्हा एक गंमत पाहिली. बाहेर ढगाआडचे का होईना ऊन होते, आणि काकूंच्या घरातला पंखा थांबलेला. बॅटरीविना थेट वाहिनीला जोडलेला संच वाहिनी मेली की स्वतःही बंद पडतो; तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला छपराकडून उलटा झटका बसू नये म्हणून त्याला तशीच शिकवण दिलेली असते, आणि ती योग्यच आहे. माझ्या ओवीचा कुठल्याच तारेशी संबंध नाही. काकू आमच्याकडे येऊन पंख्याखाली बसल्या, आईने चहा केला, आणि बिलाचा विषय पुन्हा निघाला नाही.

कोजागिरीला आम्ही दूध गच्चीवरच आटवतो. यंदा पातेल्याखाली शेगडी धगधगत असताना मी हळूच पॅनेलच्या वायरी कंट्रोलरपासून सोडवून घेतल्या आणि मल्टीमीटर लावला. पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या हिश्शाएवढे. आणि तेही सूर्याचेच, फक्त चंद्रावरून वळसा घेऊन आलेले. आकडा थरथरत थरथरत काही मिलिव्होल्टवर स्थिरावला. मी आनंदाने आईला हाक मारली. तिने वाकून पाहिले, मग रस्त्यावरच्या खांबाकडे पाहिले, तिथे महानगरपालिकेचा दिवा लख्ख जळत होता, आणि विचारले, "हे चांदण्याचं कशावरून?"

मी गोधडी आणायला खाली निघालो. खांबाच्या बाजूने ती धरून पुन्हा मोजायचे होते. जिन्यात असतानाच वरून आवाज आला, की दूध उतू चाललंय, आधी साखर घेऊन ये.